माडबंदरची उघाडी आणि केशोरीचा तुडूम

तीर्थरूप उमरावदादा यांस,

केशोरीहून धाकटा चुलतभाऊ दुलीचंद याचा साष्टांग नमस्कार. सौंदडला लेक निशाकडे आपल्या गुडघ्यास उतार पडला असेल, असे मानतो. (तेल दोन वेळा चोळावे, आपण एकदाच चोळता, हे निशाने कळवले आहे.)

येत्या शनिवारी तलाव समिती नवा पाणकर नेमणार आहे. तुडूम, म्हणजे तलावाची मोरी, केव्हा उघडायचा आणि कोणाच्या धानाच्या बांधीला किती पाणी द्यायचे, हे ठरवण्याचा मान आपल्या आजोबांचा होता. तो मला हवा आहे. परंतु समितीचे अध्यक्ष या नात्याने आपण पारावर म्हणालात, ‘‘ज्यानं समुद्राजवळ लोकायची वाडी बुडवली, त्याले तुडूम कायले देता?’’ म्हणून खरी हकीकत लिहिणे भाग आहे.

स्थापत्यशास्त्राचा प्राध्यापक म्हणून मी माडबंदरला एकवीस वर्षे काढली. तेथील माड इतके उंच, की नारळ उतरवणारा पाडेली वर चढला म्हणजे गावाला वर्तमानपत्र लागत नसे. कोणाकडे पाहुणे आले, कोणाचे दूध उतू गेले, सारे तो शेंड्यावरून ओरडून सांगे. (त्याचे उच्चार सदोष होते, मी खालून सुधारत असे.) लोक रस्त्याच्या मधोमध चालत, कारण कडेला नारळ पडत. दुपारी एक ते चार दुकाने बंद. चारनंतर दुकानदाराची इच्छा. तरीही त्या गावाचा मला आजही अभिमान वाटतो.

माझ्या घरामागे खाडीचा बांध होता आणि त्यात ‘उघाडी’ नावाची लाकडी झडप. भरतीच्या रेट्याने ती मिटे, ओहोटीला आपोआप उघडे आणि आतले पावसाचे गोडे पाणी समुद्रात जाई. दादा, आपण तलाव बांधणारे कोहळी. डोळ्यांदेखत गोडे पाणी वाया जाताना आपल्यापैकी कोण स्वस्थ बसेल? एका श्रावणात मी झडपेला बाहेरून सागवानी टेकू ठोकला. आमची सौ. जमुनाबाई म्हणाली, ‘‘अवो, जाऊन राहिलं त जाऊ द्या ना! इथं पानी ठेवत नाईत, काढतेत.’’ (तिचे शिक्षण सातवीपर्यंतचे.)

दोन दिवस धो धो पाऊस पडला. तिसऱ्या सकाळी पाडेली माडावरून गरजला, ‘‘ओ प्रोफेसर, तलाव भरला हो तुमचा! गणपती इथेच बुडवायचे काय?’’ शेजारच्या आंबेरकरांची वाडी मांडीभर पाण्यात होती आणि कोंबड्या कौलांवर. मात्र बांधातून एक थेंबही पाझरला नव्हता, कारण आदल्या महिन्यात त्याची भगदाडे मीच चिकणमातीने बुजवली होती. जमुनाबाईने आंबेरकरकाकूंना ओहोटीची वेळ विचारली, पदर खोचला आणि त्या घटकेला टेकू उपटला. संध्याकाळपर्यंत वाडी मोकळी झाली. पाणी अडवण्यात आपल्या घराण्याची बरोबरी नाही, हे समुद्राकाठीही सिद्ध झाले. एवढे समितीस सांगावे.

आपला आज्ञाधारक,
दुलीचंद

ता.क. : अर्जात माझ्या नावाखाली ‘सहायक’ म्हणून जमुनाबाईचे नाव घालावे. तुडूम केव्हा उघडायचा, हे तिला विचारूनच ठरवीन. कारण विचारू नये.

ता.क. २ : नियमात एकच नाव बसत असेल, तर माझे खोडावे. (खोडताना रेघ पट्टीने ओढावी.)