सासूबाईंच्या काठीची जांभळी मूठ

ग्वाग्वा, जत्रेनंतरचा मंगळवार

तीर्थस्वरूप तेओफिलोदादा यांस,

आपला मेहुणा रोदेल याचा नमस्कार. जहाजावर प्रकृती कशी आहे? मागच्या खेपेला आपल्याला समुद्र लागला होता म्हणे. (आयुष्य जहाजावर काढलेल्या माणसाला समुद्र कसा लागतो, असं आपली बहीण ल्यूझ विचारत होती, मी आपली बाजू घेतली.) इथे सर्व क्षेम आहे. मी जिवंत आहे, आणि हे वाक्य मी रीत म्हणून लिहीत नाहीये. टेलिफोनच करायचा, पण तो दुकानात आईंच्या कोपराशी असतो, आणि जे सांगायचं ते आईंबद्दलच आहे.

तर झालं असं. जत्रेच्या आधीच्या रविवारी आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. डुकराचं सिसिग छान कुरकुरीत झालं होतं आणि मी तिसऱ्यांदा वाढून घेत होतो, तेवढ्यात आईंनी आपली पूल-बिलियर्डची काठी माझ्या ताटाशेजारी ठेवली. तीच, लग्नाआधीपासूनची, जिने त्यांनी दुकानामागच्या टेबलांवर निम्म्या पम्पांगा प्रांताला हरवलं आहे. मुठीवरचा दोरा सुटून लोंबत होता. "रोदेल, ही अँजेलिस शहरात ने. मुठीवर नवं काहीतरी गुंडाळून आण. काय गुंडाळायचं ते तूच बघ," असं म्हणून त्या भात घ्यायला वळल्या. दादा, टेबलावरचे सगळे चावायचे थांबले. आईंनी आजवर कोणाला काही निवडू दिलं आहे का? आईंचे थोरले जावई आमादो यांनी एकदा काठीच्या टोकाला लावायला निळ्याऐवजी हिरवा खडू आणला होता. ते हल्ली दूर दावाओला असतात. (नोकरीसाठी गेले असं सांगतात. असेलही.) रात्री मी ल्यूझला विचारलं, दोराच आणू की चामडं? ती म्हणाली, "मला नको विचारू बाई. मला याच घरात राहायचंय."

जीपनीच्या गर्दीत मी काठी छातीशी धरून बसलो. शेजारच्या बाईने बदकांची टोपली काठीवर टेकवली, तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा एका परक्या बाईशी भांडलो, तेही बदकांच्या देखत. अँजेलिसला बाल्दोमेरो म्हणून काठ्या दुरुस्त करणारा आहे, त्याने माझ्यापुढे सगळा माल मांडला. दोरा: घाम पितो, पण लवकर मळतो. गुळगुळीत चामडं: दिसतं झकास, पण ओल्या हातातून सटकतं. माशाचं खरखरीत कातडं: सटकत नाही, पण तळवा सोलतं. आणि रबर. (रबर मी हातातही घेतलं नाही. आईंच्या काठीला सायकलची मूठ बसवून घरी गेलो असतो, तर हे पत्र ल्यूझने लिहिलं असतं.) प्रत्येक नमुन्याबरोबर मला आईंचा एक-एक चेहरा दिसू लागला, आणि तो एकच होता.

"हात कसा आहे बाईंचा?" बाल्दोमेरोने विचारलं. "घाम येतो? कोरडा असतो? पकड घट्ट आहे?"

मी म्हणणार होतो, मला काय माहीत. पण मला माहीत होतं, दादा. रोज सकाळी मी त्यांचा हात कपाळाला लावून आशीर्वाद घेतो. लग्न झालं तेव्हा तो हात लाकडासारखा होता, कपाळावर टेकला की टेकला. हल्ली काही महिने तो कपाळावर टकटक वाजतो. मला वाटायचं, त्यांना माझी घाई झाली आहे. चल, हो बाजूला. त्या दुकानात, नमुन्यांच्या ढिगासमोर, मला पहिल्यांदा कळलं की ती घाई नव्हती. तोवर मी आईंना घाबरत होतो. त्या क्षणापासून आईंसाठी घाबरायला लागलो, आणि हे घाबरणं, सांगतो, फार वाईट.

मी बाल्दोमेरोला म्हटलं, मूठ जाड हवी, मऊ हवी, थरथरत्या हाताला धरता येईल अशी. तो म्हणाला, खाली कॉर्कचा थर देतो आणि वर जाड चामडं चढवतो. फक्त त्या जाडीचं चामडं त्याच्याकडे एकाच रंगाचं उरलं होतं. जांभळं. साधं जांभळं नव्हे, त्यावर मगरीचे खवले उठवलेले, दिव्याखाली चमचमणारे. ज्या बाईने जन्मभर तपकिरी सोडून दुसरा रंग अंगाला लावला नाही, तिच्यासाठी मी ते घेतलं. चिकटवून, सुकवून होईपर्यंत बाकावर बसून राहिलो आणि दावाओला घरभाडं काय असेल याचा विचार करत होतो.

घरी आईंनी पिशवीतून काठी काढली. दुकानात मीठ घ्यायला आलेली बाई मीठ न घेताच थांबली. आईंनी मूठ धरली, सोडली, पुन्हा धरली.

"हे कोणी निवडलं?"

दादा, मला क्षमा करा. माझ्या तोंडून आपलं नाव गेलं. त्या काठी घेऊन वळल्या. मागे जाऊन टेबलावर बॉल मांडले आणि अंधार पडेपर्यंत एकट्याच खेळत राहिल्या. मी भिंतीआडून नुसते आवाज ऐकत होतो.

जत्रेच्या दिवशी नेहमीप्रमाणे क्रिस्पुलोशी सामना झाला. त्या माणसाने आजवर आईंकडून इतक्यांदा मार खाल्ला आहे की तो येतानाच पडेल चेहरा घेऊन येतो. तर या वर्षी तो जिंकला. शेवटच्या डावात आईंनी मारलेला नऊ नंबरचा बॉल, जो पडला की डाव जिंकला, भोकाच्या तोंडाशी जाऊन थांबला आणि गावातली सगळी डोकी, बॉलकडे बघायचं सोडून, जांभळ्या मुठीकडे आणि तिथून माझ्याकडे वळली. कोणीतरी म्हणालंसुद्धा, मूठ बदलायला नको होती. मी दाराकडे सरकू लागलो. आईंनी क्रिस्पुलोला बियर दिली (तो बिचारा रडायच्या बेतात होता) आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मूठ चांगली आहे. ही नसती तर पहिल्याच डावात काठी हातातून सुटली असती."

एवढंच. तब्येत जपा, आणि आमचा लोभ आहे तसा आपलाही असू द्या.

आपला,
रोदेल

ता. क. – आई विचारतील, तेव्हा जांभळा रंग आपणच सुचवला असं कृपया सांगा. आपण समुद्रात आहात, आपल्याला काय होणार आहे.

ता. क. – वरचं राहू द्या. आज सकाळी हात कपाळाला लावला तेव्हा आई म्हणाल्या, "तेओफिलोला रंग ओळखता येत नाहीत. लहानपणी लाल समजून हिरवे टोमॅटो तोडून आणायचा. खोटं बोलायचं तर जरा विचार करून बोल." मी विचारलं, मग आई, तुम्ही मलाच का पाठवलंत? त्या म्हणाल्या, "तू भित्रा आहेस. हाताचं तुझ्या लक्षात आलं तरी कोणाला सांगणार नाहीस."

ता. क. – म्हणून हे पत्र वाचून झाल्यावर समुद्रात टाका आणि आईंना फोन करा. हात मनिलाच्या डॉक्टरला दाखवायला हवा. त्या फक्त आपलं ऐकतात. आपल्याला कसं कळलं असं त्यांनी विचारलं, तर आमादोचं नाव सांगा.