खळ, कागद आणि हीटर

४ डिसेंबर

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

हीटर पोचल्याचं तू सांगितलंस. फोनवर तू हो हो करून सुटतोस, म्हणून लिहिते. हीटर भिंतीतल्या प्लगलाच लाव. तुझ्या त्या जुन्या एक्स्टेंशन वायरवर दिवा, रेडिओ आणि चिकटवायची खळ शिजवायची विजेची शेगडी अशी तीन बिऱ्हाडं आधीच नांदतात. तिला हीटर झेपणार नाही. तू पुस्तकं बांधणारा माणूस, घरभर कागद. तापातून उठलास, थंडी बाधू नये म्हणून मीच हीटर पाठवला आणि आता झोप माझीच उडाली आहे. जेवण जातं का, ते खरं कळव.

लोभ आहेच, अक्कल तेवढी सांभाळ.

ताई

९ डिसेंबर

ती. ताईस साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुझा हीटर म्हणजे दुसरा सूर्यच. बोटं वळायला लागली, सुईत दोरा पहिल्या झटक्यात जातो. वाचनालयाचे जाडजूड कोश शिवायला घेतले आहेत. भिंतीतला प्लग आईच्या कपाटामागे गेला आहे आणि ते हलवायला पैलवान लागतील. तूर्त वायरवरच भागवतो. रागावू नकोस, वायर आपल्या दोघांपेक्षा तरुण आहे.

जेवण जातं, पण सगळं भुसा खाल्ल्यासारखं लागतं. माझ्या हाताची करामत, दुसरं काय! परवा वकीलसाहेब त्यांची बाडं न्यायला आले आणि नाकाला रुमाल लावूनच उभे राहिले. म्हणाले, खळ नासली आहे. मला तर काही जाणवलं नव्हतं. शेजारच्या शिंपीणबाई दोनदा विचारून गेल्या, काही जळतंय का म्हणून. तुमचीच इस्त्री असेल, असं सांगून मी त्यांना वाटेला लावलं. काळजी करण्यात तुझी सख्खी बहीण शोभतील.

असाच धाक राहू दे, ही विनंती.

धाकटा

१२ डिसेंबर

धाकट्या,

आशीर्वाद नंतर. तुझं पत्र आत्ता वाचलं. नासलेली खळ माणसाला खोलीत थांबू देत नाही. ती तुझ्या हाताशी होती आणि तुला पत्ता नाही. अन्नाला चव नाही. शिंपीणबाईंना भिंतीपलीकडून जळका वास येतो, तुला वायरीशेजारी बसून येत नाही. तापाने तुझं नाक नेलं आहे. तुला हे कळलंच नाही, की कळून गप्प बसलास?

तुला फोन केला, तू उचलत नाहीस. शिंपीणबाईंना लावला. आत्ता जाऊन बघते म्हणाल्या, त्यानंतर त्याही उचलत नाहीत. हात रिकामे राहवत नाहीत म्हणून हे लिहिते आहे. पोचेपर्यंत तू वाचायला

फोन वाजतो आहे.

१६ डिसेंबर

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

फोनवर तू रडत होतीस. तुला रडताना ऐकायची मला सवय नाही, म्हणून सगळं लिहितो.

शिंपीणबाई गळ्यात टेप तशीच घेऊन धावत आल्या आणि आधी मेन स्विच पाडला. हीटरचा प्लग वितळून वायरीच्या बोर्डाला चिकटला होता. शेजारच्या कागदांच्या कडा तपकिरी झाल्या होत्या. त्या नाकाला फडकं लावून उभ्या होत्या आणि मी हातभर अंतरावर कोश शिवत बसून त्यांना विचारत होतो, की झालं काय? फोन नेहमीप्रमाणे कागदांच्या थप्पीखाली दबलेला.

वास गेल्याचं मला ठाऊक होतं, ताई. सांगितलं असतं तर तू मला उचलून तुझ्याकडे नेलं असतंस आणि माझं काम सुटलं असतं. डॉक्टर म्हणतात, वास परत येईल किंवा येणारही नाही.

आता शिंपीणबाईंच्या कारागिरांनी कपाट हलवून दिलं. हीटर भिंतीतल्या प्लगवर, कागद खोलीच्या दुसऱ्या टोकाला. शिंपीणबाई जाता-येता दारात उभ्या राहून हुंगतात आणि मगच पुढे जातात.

कपाटामागे आईची अत्तराची कुपी सापडली. बूच काढून नाकाशी धरली. तिच्यात अजून काही उरलं आहे की सगळं उडून गेलं, मला कळत नाही. शिंपीणबाईंना विचारलं नाही. आईचा वास त्यांना कुठून ठाऊक असणार?

बूच घट्ट लावून ठेवलं आहे. तू ये.

तुझा,
धाकटा