सत्तेचाळीस नंबरपुढचं नाव

४ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तू शिवलेला कोट अंगात घालूनच लिहितेय. दप्तरखान्याच्या दगडी तळघरात मार्चमध्येही हाडं गोठतात. खिसे मात्र एवढे प्रशस्त केलेस की एकात मीच मावेन!

देह विकून जगणाऱ्या बायकांना कोणत्या काळानं काय मानलं, हा माझा प्रबंधाचा विषय तुला आवडला नव्हता, ठाऊक आहे. पण ऐक. राजेरजवाड्यांच्या काळात त्यांना दरबारात मानाची जागा होती आणि त्यांच्याकडून करही घेत. नंतर सुधारक आले. ते यांना ‘पतित’ म्हणाले आणि उद्धारासाठी कुलूपबंद घरात ठेवू लागले. पुढे युद्धात बंदरावर सैन्य उतरलं, तेव्हा त्यांना नुसते नंबर दिले आणि दर सोमवारी दवाखान्यात तपासणी. त्या दवाखान्याची वही आज हाती आली. नावाचा रकानाच नाही. पण प्रत्येक नंबरपुढे कुणीतरी पेन्सिलीनं बारीक अक्षरात नाव लिहिलंय. कोण असेल? तू त्याच बंदराच्या गावात वाढलीस, म्हणून विचारते.

काकांचा गुडघा कसा आहे? माया असू दे.

तुझी,
खारू

१५ मार्च

चि. खारूस,
अ. उ. आ.

काकांचा गुडघा बरा आहे, तक्रारी त्याहून ठणठणीत आहेत.

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. तीनदा उत्तर लिहिलं, तीनदा फाडलं. आता लिहूनच टाकते. ती नावं तिथल्या नर्सबाईंनी लिहिली. मला माहीत आहे, कारण मी सत्तेचाळीस नंबर होते.

बाबा गोदीत मालाखाली दबून गेले, तेव्हा मी एकोणीस वर्षांची, तुझी आई नऊची. आमची आई अंथरुणाला खिळलेली. दोन वर्षं मी ते काम केलं. तुझ्या आईला वाटायचं, मी धुलाईघरात रात्रपाळी करते. अजून तसंच वाटतं.

सोमवारी रांगेत उभं राहायचं, नंबर पुकारला की आत जायचं. नर्सबाई मात्र दार लोटून घेत आणि नाव विचारत. पहिल्या वेळी मी खोटं सांगितलं. त्या म्हणाल्या, ठीक आहे, खरं सांगावंसं वाटेल तेव्हा सांगा. मला ‘अहो’ म्हणणारं तेव्हा दुसरं कुणी नव्हतं. माझ्या झंपरची शिलाई पाहून त्यांनीच मला इस्पितळाच्या शिवणखोलीत चिकटवून दिलं. आज जे काही आहे ते त्यांच्यामुळे.

काकांना लग्नाआधीच सांगितलं होतं. ते सायकलची साखळी चढवत होते. सगळं ऐकलं, हात पुसले आणि विचारलं, तू जेवलीस का?

दरबारातल्या मानाचं लिहिलंस. त्या बायकांना तो मान हवा होता की नाही, हे कुणी लिहून ठेवलंय का ते बघ. वाचून तू गप्प राहिलीस तरी मी समजेन. आशीर्वाद आहेतच.

तुझी,
मावशी

२१ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न.

गप्प कशी राहीन? पत्र वाचलं आणि दप्तरखान्याच्या जिन्यात बसून पोटभर रडले. लाज वाटली म्हणून नाही. आई शिकली, मास्तरीण झाली, म्हणून मी इथे वह्या उलटत बसू शकते. हे सगळं तू उभं केलंस आणि आम्ही तुला कपड्यांची मापं देत राहिलो.

वही पुन्हा काढली. सत्तेचाळीसपुढे एक नाव खोडलंय, खाली तुझं खरं नाव आहे आणि पुढे लिहिलंय, ‘हात फार सुबक.’ नर्सबाईंना जाऊन वीस वर्षं झाली, असं इथल्या कारकुनांनी सांगितलं. त्यांचे आभार कुणाला मानायचे, कळेना.

तू विचारलंस ते शोधलं. कुठेच नाही. करवसुलीवाल्यांनी, सुधारकांनी, डॉक्टरांनी लिहिलं. त्या बायकांना कुणी विचारलं नाही. म्हणून प्रबंधातलं दरबाराचं ते प्रकरण मी बाजूला ठेवलंय. तुझी तयारी असेल तर तू सांग, मी लिहीन. नाव घालू नको म्हणालीस तर नाही घालणार. लिहिलेलं खोड म्हणालीस तर खोडेन. आईला सांगायचं की नाही, हेही तूच ठरव.

रविवारी येतेय, आठ दिवसांसाठी. वहीतल्या त्या पानाची नक्कल आणीन, पण पहिल्या दिवशी ती उघडणार नाही. त्या दिवशी मी नुसती तुझ्याजवळ बसणार आहे.

माया आहे तशीच असू दे.

तुझी,
खारू