मढचे अडतीस अंश

ती. सौ. वैजयंतीताई यांस, मढहून धाकटी जाऊ साधना हिचा नमस्कार.

सोमवारच्या एसटीने पाठवलेलं सगळं पोचलं: सासूबाई, त्यांचं बोचकं, शेकायची पिशवी आणि पेढ्यांचा पुडा (निम्मा). सासूबाईंचं तिकीट वयामुळे फुकट, बोचक्याचे मात्र वीस रुपये पडले. तुमची कंबर आणि भाऊजींचा खोकला कसा आहे? इकडे सर्व खुशाल, फक्त ओले.

डॉक्टर म्हणाले, सासूबाईंच्या गुडघ्यांना ऊब पाहिजे. सेवेला आपण दोघीही तयार (देव जाणतो), म्हणून तर भाऊजींनी हवा मोजायचे, भिंतीवर टांगायचे दोन थर्मामीटर आणले, एक मंचरला, एक मढला. जिथे ऊब जास्त तिथे सासूबाई. मी निर्धास्त होते. मंचरला उन्हाला तोटा नाही. आमच्याकडे जेठात ढग आले की सूर्य येतो तो उभ्या उभ्या, चहासुद्धा न घेता जातो. उन्हाचे तास मी वहीत रोज लिहिलेत: आख्ख्या आषाढात चार. त्यातला एक शेजारच्या रत्नाने सांगितलेला, मी पाहिला नाही.

आता घरात नवी वस्तू आली की आधी देवापुढे ठेवायची ही आपली रीत. थर्मामीटर हळदकुंकू लावून देव्हाऱ्यात टांगला आणि तिथेच राहिला. वैशाखात मंचर एकोणचाळीस, मढ छत्तीस, सगळं ठीक. पण आषाढी एकादशीपासून मढ जे तापलं ते अडतीसवर जाऊन बसलं, आणि तुमचं मंचर उतरलं सत्तावीसवर. बाहेर आमचा गडी हौशीराम गोठ्यात शेकोटी करून बसलेला, मी स्वतः स्वेटर घालून आकडे लिहितेय. नवल वाटलं, पण यंत्र झालं तरी देवापुढे खोटं कसं बोलेल? लिहून पाठवलं. भाऊजींनी (मास्तर माणूस) अंश वाचले, तास वाचले नाहीत, आणि बोचकं बांधलं.

सासूबाईंनी आल्या आल्या देवाला हात जोडले, आणि हात तसेच ठेवून मला विचारलं, "साधने, चातुर्मासाचा नंदादीप ह्याच्या बुडाखालीच लावला व्हय गं?"

थर्मामीटर आता पडवीत आहे. तिथे वीस अंश. तेव्हा केवळ गुडघ्यांच्या काळजीपोटी त्यांना शनिवारच्या गाडीने परत पाठवते.

आपली,
साधना

ता. क. सासूबाईंनी पत्र वाचून दाखवायला लावलं. म्हणाल्या, "मंचरला ऊन लई, पण दिवसभर बोलाया कोण न्हाई. मी कुटं जात न्हाई." थर्मामीटर त्यांनी स्वतः उठून परत देव्हाऱ्यात टांगला. गुडघे त्या वेळी दुखले नाहीत.

ता. क. दुसरा. शनिवारी स्टँडवर येऊ नका. त्यांची जाड गोधडी तेवढी पाठवा. भाऊजींना अडतीसच सांगा. आणि अडतीस अंशात गोधडी कशाला, असं त्यांनी विचारलं तर आपण दोघींनी काय सांगायचं, ते उलटटपाली कळवा.