खळ्यावरचं हिरवं प्लास्टिक

३ नोव्हें.
सकाळी दारात टेम्पो. हिरव्या गुंडाळ्या उतरल्या. वाटलं, लग्नाच्या मांडवाचं सामान चुकून आमच्याकडे आलं. चुकून कसलं! संकेतने पाठवलंय. आमचे चिरंजीव कल्याणला राहतात, मुंबईत नोकरी करतात आणि सध्या साहेबाबरोबर गोल्फ शिकतात. परसातल्या आमच्या खळ्यावर प्लास्टिकचं गवत घालायचं, त्यात एक भोक, काठीने चेंडू ढकलत त्या भोकात घालायचा. महिनाअखेर साहेब येणार खेळायला.
गावभर गवत उभं आहे, कापायला माणूस मिळत नाही. आणि आम्ही विकतचं आणतोय.
ह्यांना आठ दिवसांपासून ठाऊक होतं. "तू वरडशील म्हणून नाय सांगितला." मग ओरडलेच.

४ नोव्हें.
संकेतला फोन. "आई, खळं आता कुठे वापरता? बैलसुद्धा नाहीत."
बैल म्हशाच्या जत्रेत विकले त्याला सात वर्षं झाली, खरं आहे. पण झोडणी? वाल? मिरच्या? "झोडणी कुठे करू, तुझ्या साहेबाच्या डोक्यावर?" त्याची रेंज गेली. अशा वेळी बरोबर जाते.

५ नोव्हें.
खळं खणलं. दर वर्षीचं सारवण, थरावर थर. कुदळीखाली पापुद्रे सुटत होते. मी लग्न होऊन आले त्या वर्षीचा थरही त्यात असणार. गवतवाल्यांच्या सुपरवायझरने नाकाला रुमाल लावला. "मॅडम, हे शेण सगळं काढायला लागेल. घाण आहे, बेस खराब होतो."
घाण! आणि मॅडम! अंगणवाडीत पंचवीस वर्षं बाई होते, मॅडम कुणी म्हटलं नव्हतं.
काशी वरच्या वाडीवरून सारवायला आलेली, दर वर्षीसारखी. शेणाची पाटी घेऊन तशीच उभी. "बाय, आता मी काय करू गो?" तिला चहा दिला. शेण गुलाबाला घातलं.

८ नोव्हें.
खडी, वर दगडाची भुकटी, वर रोलर. मग गोंद. तो वास! घरात, कपड्यांत, भाताच्या वाफेतसुद्धा. शिसारी आली, दु. ताट सारलं.

९ नोव्हें.
सुपरवायझर खुशीत. खणताना मधोमध आयता खड्डा सापडला होता, खडी घालतानाही तो मोकळा ठेवलेला. मेढीचा. मळणीला बैल फिरायचे तो मधला खांब, मेढ. बैल गेले, खांब कुजून गेला, पण खड्डा मी लिंपून राखलाय. नव्या भाताची पहिली मूठ तिथेच ठेवते, पाखरांना. ह्याने त्यात डबा बसवला, झेंडा खोचला. "रेडीमेड होल, मॅडम!" हे हसले. ह्यांचा इतका राग कधी आला नव्हता.

१६ नोव्हें.
भात शेतातच मशीनने झोडून घेतलं. तासा-दीड तासात. गोणी पडवीत येऊन पडल्या. काशी नाही, हसणं-खिदळणं नाही, केसांत भाताची कुसळं नाहीत. भात घरात आल्यासारखं वाटेचना.
पहिलं सूप भरलं आणि सवयीने मेढीकडे चालत गेले. झेंडा काढून भिंतीला टेकवला, डब्यात मूठभर भात सोडलं, हात जोडले. मग लक्षात आलं, कशाला हात जोडतेय मी? चेंडूच्या डब्याला! स्वतःचीच किळस आली.
पण मेढीला दिलेलं परत घेत नाहीत. राहू दिलं.

२० नोव्हें.
आज पकडलं ह्यांना. रोज सकाळी पाइप घेऊन त्या गवताला पाणी घालतायत! सुपरवायझर म्हणाला होता, फार धूळ बसली तर पाणी मारा. ह्यांचं रोजचंच सुरू.
"अहो, प्लास्टिक आहे ते."
"ठाव हाय. पन सुकल्यावानी वाटतं."
ह्या महिन्यात मी पहिल्यांदा हसले. तसं हसूही फार टिकलं नाही. दु. मिरच्या वाळत घालायला अनवाणी गेले तर तळवे भाजले. गवताने पाय भाजतात! शी.

२६ नोव्हें.
डब्यातून कोंब. बोटभर उंच, दाट. त्यांच्याशेजारी ते प्लास्टिक आणखीच ओंगळ दिसतं. ह्यांना बोलावून दाखवलं. वाकून बघितलं. "उगावला गो," एवढंच म्हणाले.
साहेब रविवारी. चेंडू आता त्या डब्यात काही जाणार नाही. मी उपटायला हवं. उपटलं नाही.

२८ नोव्हें.
संध्याकाळी संकेत आला, काठ्यांची पिशवी खांद्याला. भिंतीला टेकलेला झेंडा बघून कपाळाला आठी. मग डब्यात बघितलं.
"आई, हे तू मुद्दाम केलंस."
नाही म्हणाले. खरं तर मलाही नक्की सांगता यायचं नाही.
"उपट ना गो. सकाळी नऊला साहेब येतायत. माझं प्रमोशन त्यांच्या हातात आहे."
"माझा हात नाही लागायचा त्याला. तूच उपट."
बसला उकिडवा. कोंब चिमटीत धरले. लहानपणी ती पहिली मूठ मी ह्याच्याच हातून सोडवायचे. ओंजळ छातीशी धरून चालायचा, दाणा सांडू द्यायचा नाही. त्याला आठवलं की नाही, कोण जाणे. चिमटी तशीच धरून बसला.
"आई, पण पाखरांनी खाल्ला कसा नाय?"
"प्लास्टिकवर उतरतच नाहीत रे ती."
चिमटी सोडली. पडवीत गेला, तिथून फोन घेऊन फाटकापाशी. साहेबालाच लावला असणार. काय बोलतोय ते इथे ऐकू येत नाही.
हे पाइप घेऊन परसात निघालेत. संध्याकाळचं पाणी कधीपासून सुरू केलं, देव जाणे. मी अडवलं नाही.