अप्पांच्या पुस्तकाचा समास

११ सप्टेंबर १९५८, गुरुवार

अप्पांचं वनस्पतींचं जुनं पुस्तक आज बांधून आलं. पानं सुटत होती म्हणून मीच चामराजपेटच्या बाइंडरकडे दिलं होतं. "अक्का, कडा स्वल्प कापल्या, आता सरळ दिसतात बघा," तो म्हणाला. मीही न उघडताच "छान" म्हणाले! बाइंडर कडा कापतात, हे मला ठाऊक नव्हतं का? मूर्ख मी. समासात अप्पांनी पेन्सिलीनं प्रत्येक झाडाचं आपल्याकडचं नाव लिहिलं होतं. तो समास आता जेमतेम बोटभर उरलाय. अप्पांना जाऊन वर्षही झालं नाही. घरी येऊन आधी सोनचाफ्याचं चित्र शोधलं. माझा जन्म झाला त्या दिवशी त्यांनी त्याच्या शेजारी लिहिलं होतं, "आज मुलगी झाली." आता तिथे नुसतं "आज" आहे.