मोगऱ्याच्या हाराची मोकळी टोकं

आई,

मी चर्चमध्ये खुर्च्या मांडायला पुढे गेले. लग्नाचे हार फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ओल्या फडक्यात आहेत.

कालचा राग सोड आता. हिलो शहरातल्या मॉलमधल्या तुझ्या फुलवालीला मी नाही म्हटलं, कारण तिने मला शंभर फोटो दाखवले आणि माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. हार ओवणाऱ्या कपुआ मावशीने एकही फोटो दाखवला नाही. "फुलं मी ठरवते, तू बसून ओव," म्हणाली. तीन शनिवार तिच्या ओट्यावर कळ्या ओवल्या. मोगऱ्याचा वास आला की मी उठून अंगणात पळायचे. ती नुसती आल्याची चकती पुढे करायची.

आज सकाळी तिने माझा हार हातात दिला. सात सर, एकसारख्या मिटलेल्या कळ्या, मी बघतच राहिले. पण टोकं मोकळी! म्हटलं, "मावशी, गाठ राहिली."

"राहिली नाही गं. मारली नाही."

गेल्या महिन्यात शेजारच्या माहेआच्या हाराची गाठ तूच सोडवलीस ना? "पोटुशीला बंद हार घालू नये, बाळाच्या गळ्याला नाळेचा वेढा पडतो," म्हणालीस.

मी कोणालाच सांगितलं नव्हतं गं आई. नवरदेवालासुद्धा नाही. त्या बाईने नुसतं बघून ओळखलं!

अर्धवट काही दिसलं की तुझे हात शिवशिवतात, माहीत आहे मला. पण गाठ मारू नकोस. दुपारी तो हार तूच माझ्या गळ्यात घाल. तसाच, मोकळा.

लेइनानी